लटपट कुणावरून काढला

हॉलमधले सगळे हसले तेव्हा अश्विनही हसला. कशाला हसलो ते त्याला कळायला थोडा वेळ लागला, आणि तोवर कॅमेरा त्याच्या तोंडासमोर आला होता. स्टेजवरच्या मोठ्या पडद्यावर एका बाजूला लटपट होता, जुन्या कार्टूनमधला तो भेकड नोकर, एक हात पोटावर, गुडघे एकमेकांत अडकलेले, तोंड उघडं. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच आकाराचा अश्विन पौनीकर, कळमेश्वरच्या कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर, बायकोने इस्त्री करून दिलेल्या आकाशी शर्टात. त्याचंही तोंड उघडंच होतं, हसता हसता राहून गेलेलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. शेजारी बसलेली दामिनी टाळ्या वाजवत होती आणि त्यांची मुलगी वैदेही खुर्चीवर उभी राहून मोबाइलवर बापाचं शूटिंग करत होती.

स्टेजवर त्याचा मोठा भाऊ होता, अभिजीत. आजचा कार्यक्रमच त्याचा. वर्धा रोडवरच्या मॉलमध्ये ‘तेजलोक’ हे जुनं कार्टून पुन्हा सुरू होत असल्याचा गाजावाजा चालला होता. लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसून ‘तेजलोक’ पाहिलेले, आता पोट सुटलेले, डोक्यावरून विरळ झालेले लोक आपापल्या पोरांना घेऊन आले होते, आणि पोरांपेक्षा तेच जास्त पुढे पुढे करत होते. कित्येकांच्या छातीवर अर्कवीर छापलेला होता. सूर्याचं कवच घातलेला, आगीतून चालत जाणारा अर्कवीर. नवीन कंपनीची डिझायनर, मिनल नावाची एक चटपटीत मुलगी, पडद्यावर जुना अर्कवीर आणि नवा अर्कवीर शेजारी शेजारी दाखवत होती. नव्याचे खांदे उतरवले होते, कंबर बारीक केली होती, डोळे मोठे केले होते. लोक ओरडले, हा आमचा नाही, हा कोण पोरगा आणला? मिनल हसत म्हणाली, आता मुलांना मोठे खांदे नको असतात, आम्ही शाळाशाळांतून विचारलं, मुलांना सगळ्यात जास्त आवडतो तो लटपट, म्हणून नव्या ‘तेजलोक’चा नायक लटपट आहे. मग तिने अभिजीतकडे वळून विचारलं, “सर, सगळी पात्रं तुम्हीच काढलीत. लटपट तुम्हाला सुचला कुठून?” आणि अभिजीतने माइक तोंडाजवळ धरून, नागपुरात आल्यावर त्याची जीभ सैल सुटायची तशी सोडून सांगितलं, “सुचायचं काय त्यात! घरीच होता ना बाप्पा. माझा लहान भाऊ. तो काय तिसऱ्या लाइनीत बसून आहे. ट्रकचा हॉर्न वाजला तरी याचा हात पोटावर अन् चड्डी ओली. मी फक्त उतरवून घेतला.”

“करून दाखवा!” कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडायला लागले. दामिनीने कोपराने ढोसलं, “उठा ना, लोक म्हणून राहिले तर.” आणि अश्विन उठला. आपण का उठलो हे तो नंतर स्वतःला कितीदा तरी विचारणार होता. नाही म्हणता आलं असतं, हात जोडून हसून बसता आलं असतं. तो उठला, त्याने डावा हात पोटावर ठेवला, गुडघे एकमेकांकडे वळवले आणि तोंड उघडलं. त्याला वाटलं होतं की नक्कल करावी लागेल. काही करावं लागलं नाही. अंगाने आपणहून ती जागा घेतली, जुन्या चपलेत पाय जावा तशी. हॉल दणाणला. पडद्यावरचे दोन्ही लटपट एकमेकांशी इतके जुळत होते, की मिनलने तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, “ओह माय गॉड.”

कार्यक्रम संपेपर्यंत त्याने आणखी चार-पाच जणांसोबत तसेच फोटो काढून दिले. लोक अदबीने विचारत होते, भाऊ, एक लटपट होऊन जाऊ द्या. एका बाईने आपला चिमुकला मुलगा त्याच्या पायाशी उभा केला आणि मुलगा त्याच्या गुडघ्यांना हात लावून पाहायला लागला, खरे आहेत का म्हणून. अश्विनच्या मनात त्या सगळ्या वेळात एकच वाक्य फिरत होतं, आणि ते इतकं पोरकट होतं की त्याची त्यालाच लाज वाटत होती. पण अर्कवीर तर मी आहे.

तो अकरा वर्षांचा होता तेव्हा अभिजीत हैदराबादेहून दिवाळीला आला होता. कार्टूनच्या कंपनीत नवी नोकरी, पाठीवर कागदांची नळी. घरातला हातमाग तेव्हा नुकताच बंद पडला होता. वडील सुतगिरणीच्या दारावर रखवालीला बसायचे आणि आई, कुसुमावती, दुसऱ्यांच्या मागावर बॉबिनी भरायला जायची. अश्विनने रात्री ओली केलेली गोधडी ती पहाटे कुणी उठायच्या आत धुऊन मागच्या दोरीवर टाकायची, तरी गल्लीला ठाऊक होतंच. अश्विन शाळेतून येताना भिंतीला घासून चालायचा. त्या दिवाळीत अभिजीतने जमिनीवर एक कागद पसरला, चारी कोपऱ्यांवर पणत्या ठेवल्या आणि म्हणाला, “सांग बरं हा कोण होय?” कागदावर एक वीर होता, कवचातून उजेड फुटत होता. अश्विनला सांगता येईना. “अबे, तूच तर होय. तुले पाहूनच काढला.” अश्विनने आईकडे पाहिलं. आई चुलीपाशी बसली होती. ती कागदाकडे बराच वेळ पाहून म्हणाली, “होय ना. डोळे तर तस्सेच हायेत.”

त्या एका वाक्यावर तो माणूस झाला, असं म्हणायला हरकत नाही. रातोरात काही झालं नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात तो सक्करदऱ्याच्या तलावात उतरला, पोहता येत नसताना. गल्लीतल्या दांडगट पोरांनी अडवलं तेव्हा त्याने मार खाल्ला पण पळाला नाही, आणि मार खाताना त्याला स्वतःच्या कवचाचा जड आवाज ऐकू येत होता. टीव्हीवर कार्टून सुरू झालं तेव्हा त्याने वर्गातल्या एका मुलाला विश्वासात घेऊन सांगितलं, आणि आठवड्याभरात सगळ्या शाळेला माहीत झालं की पौनीकर म्हणजे अर्कवीर. मोठेपणी तो हे कुणाला सांगत नसे. दामिनीला मात्र साखरपुड्यानंतर सांगितलं होतं, आणि ती हसली नव्हती. कारखान्यात रंगाच्या गोदामाला आग लागली आणि अंकुश नावाचा हेल्पर आत अडकला, तेव्हा सगळे बाहेर उभे राहून फोन लावत होते. अश्विन ओलं पोतं डोक्यावर घेऊन आत गेला. धुरात काही दिसत नव्हतं. त्याला भीती वाटली नाही, कारण आगीतून कसं चालायचं ते त्याने इतक्या रविवारी पाहिलं होतं, हळू, मान न वाकवता, जणू आगच आपल्याला वाट देते आहे. अंकुशला त्याने बगलेत धरून बाहेर आणलं. हातावरचा जळका डाग अजून होता. आता मोटारसायकलवर घरी येताना तो डाग त्याला दुसऱ्याच कुणाचा वाटायला लागला. एखाद्या भेकडाच्या हातावर कुणीतरी चुकून तो ठेवून गेलं असावं. मग आत गेला तो कोण होता? आणि लटपट आगीत गेला असेल तर तो नक्कीच कुणाचं तरी ऐकून, काहीतरी चुकीचं समजून गेला असेल. कार्टूनमध्ये असंच व्हायचं. लटपट चुकून शूरपणा करायचा आणि लोक हसायचे.

अभिजीत जेवायला घरी आला. दामिनीने सावजी मटणाचा रस्सा केला होता, आणि तो कपाळावरचा घाम पुसत, नाक ओढत, पुन्हा पुन्हा रस्सा मागून घेत होता. “हैदराबादेत सगळं भेटते, दामिनी, पण ह्या तिखटाले तोड नाही.” वैदेही त्याच्या मांडीला टेकून बसली होती. तिने बापाचा व्हिडिओ शाळेच्या मैत्रिणींना पाठवला होता आणि उत्तरं वाचून दाखवत होती. “मोठे बाबा, सगळे म्हणून राहिले, तुझे पप्पा फेमस झाले. पप्पा, एकदा अजून करा ना, दारात उभे राहून.”

“जेवू दे त्याले,” अभिजीत म्हणाला. “अशू, ती मिनल तुझ्यावर फिदा आहे. म्हणे, दुकानात खेळणी येतील तेव्हा यांना सोबत फिरवू. खरा लटपट. चार शहरं पाहून होतील तुझी.”

“छान तर आहे,” दामिनी म्हणाली.

तिच्या आवाजात कुठेही टोचणी नव्हती. ती खरंच खूश होती, आणि तेच त्याला लागलं. साखरपुड्यानंतर सांगितलेलं तिला आठवत नसेल का? की तिने तेव्हाही, न हसता, मनातल्या मनात ठरवलं असेल की असू दे, माणूस साधा आहे?

“दादा,” अश्विनने विचारलं, “मग अर्कवीर कोण होता?”

“अर्कवीर? कोणीच नाही.” अभिजीतने मटणाची नळी चोखून ताटात ठेवली. “मालकाने एका विदेशी खेळण्याच्या डब्यावरचा फोटो आणून दिला होता. म्हणे असाच काढ, फक्त तोंड जरा आपल्याकडचं कर. तेवढं केलं. काहून?”

“तू मले म्हणला होता, तुले पाहून काढला.”

अभिजीतला आठवायला वेळ लागला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक कौतुकाचं हसू पसरलं, लहान मुलाचा बोबडा शब्द आठवल्यासारखं. “अरे हो! ते तर मायनं सांगितलं होतं. म्हणे, अभी, हे पोरगं भेकड होऊन राहिलं, रोज गोधडी धुऊन माझे हात गेले, याले काही तरी सांग गा. मग मी ते सांगितलं.” त्याने अश्विनकडे निरखून पाहिलं. “तुले अजून ते खरं वाटत होतं का?”

दामिनी पोळी वाढायला आली होती, ती अश्विनकडे पाहत राहिली. वैदेहीने मोबाइलमधून मान वर केली. अश्विन हसला. “नाही गा,” तो म्हणाला, “आता थोडीच?” त्याने घास घेतला. म्हणजे आईलाही माहीत होतं. डोळे तस्सेच हायेत. चुलीच्या उजेडात तिने त्या कागदाकडे बराच वेळ पाहिलं होतं. डोळे जुळतात का ते ती पाहत नव्हती, कुठलं खोटं अंगाला बसेल ते शोधत होती. आणि आयुष्यभर, तो तलावात उतरला तेव्हा, आगीतून आला तेव्हा, हात भाजून घरी आल्यावर तिने खोबरेल लावलं तेव्हाही, तिला ते ठाऊक होतं आणि ती गप्प बसली होती.

जेवण झाल्यावर अभिजीत हात पुसत आईच्या फोटोसमोर उभा राहिला. दीड वर्षापूर्वीचा हार सुकून तारेवर आला होता. “माय आज असती तर पोट धरून हसली असती,” तो म्हणाला. आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, “शांत गेली म्हणाला होता ना तू. ते एक बरं झालं. मले वेळेवर यायला जमलं नाही, पण शांत गेली.”

अश्विन पलंगाच्या कडेला बसला होता. जे बोललं गेलं ते त्याने ठरवून बोललं नाही. पण पहिलं वाक्य तोंडातून गेल्यावर पुढचं कसं काढायचं ते त्याला स्पष्ट दिसत होतं, रेघ न् रेघ.

“ते मी खोटं सांगितलं होतं तुले,” तो म्हणाला.

अभिजीत वळला.

“शांत नाही गेली. तुझं नाव घेऊन राहिली होती. अभी आला का, अभी आला का. दारात कोणी आलं की मान उचलून पाहायची. मी म्हणायचो, येऊन राहिला, गाडीत आहे. मग एका दिवशी विचारणं बंद केलं.” तो थांबला. थांबायचं कुठे तेही त्याला बरोबर कळत होतं. “म्हणाली, आता येऊ नको म्हणा त्याले. माझ्या तोंडात त्याच्या हातचं पाणी पडू देऊ नको.”

“माय म्हणाली?”

“अन् म्हणाली, मी गेल्यावर तो येईल, लोकाले दाखवायले. तो आला की माझं तोंड झाकजा. त्याले दिसू देऊ नको.”

अभिजीतने आधारासाठी हात मागे नेला, तिथे काही नव्हतं, आणि तो खाली जमिनीवर बसला. एवढा मोठा, पांढऱ्या दाढीचा माणूस, सकाळी स्टेजवर टाळ्या घेतलेला. “पण तोंड तर उघडं होतं,” तो म्हणाला. “मी आलो तेव्हा. मी पाणी घातलं तिच्या तोंडात.”

“मीच नाही झाकलं,” अश्विन म्हणाला. “मले वाटलं, असू दे. भाऊ होय आपला.”

हे शेवटचं वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडलं. अंगभर एक उबदार, गोड लहर गेली, कडाक्याच्या थंडीत शेकोटीपाशी बसल्यासारखी. भावाचा चेहरा त्याच्या डोळ्यांदेखत बदलत होता. गालांखालचं मांस सुटत होतं, ओठ एका बाजूला ओढला जात होता. त्याला कळलं की अभिजीतला हेच सुख होत असेल, आयुष्यभर, हातात पेन्सिल असताना. एक रेघ ओढायची आणि समोरचा माणूस तसा होऊन जायचा.

“कधी म्हणाली?” अभिजीतने विचारलं. “सकाळी?”

“संध्याकाळी. दिवे लावून राहिली होती दामिनी.”

दामिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अभिजीतने तिच्याकडे पाहिलं, आणि तिची गप्प नजर त्याला साक्ष वाटली असावी, कारण त्याने मान खाली घातली. नंतर तो निघाला. विमानाला बराच वेळ होता तरी निघाला. वैदेही पाया पडायला आली, तर मोठे बाबा बाहेर जाऊन रिक्षात बसले होते.

“आईंचा शेवटचा काळ मी काढला,” दामिनी भांडी आवरता आवरता म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. “अंघोळ मी घातली, घास मी भरवला. त्या कोणाचं नाव घेत नव्हत्या.”

“माहीत आहे मले.”

“मग?”

त्याने उरलेली ताटं उचलून तिच्यापाशी ठेवली.

“फोन करा त्यांना. आत्ता करा. सांगा, रागात बोलून गेलो. माणूस जिवाचं काही बरंवाईट करून घेईल.”

“त्यानं खरं सांगितलं होतं का मले? इतक्या वर्षांत?”

“त्यांनी तुम्हाला शूर केलं खोटं बोलून,” दामिनी म्हणाली. “तुम्ही काय केलं?” तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि त्या दिवसानंतर ती त्याच्याशी लागेल तेवढंच बोलायला लागली. भाजी आणली का. वैदेहीची फी. तिने त्याला कुणासमोर उघडं पाडलं नाही. तिच्या डोळ्यांत आता राग नव्हता, एक प्रकारची ओळख होती, आणि ती सहन करण्यापेक्षा तो शिफ्ट लांबवून कारखान्यात बसायचा. तिथे पोरांनी व्हिडिओ पाहिलेला होता. अंकुशसुद्धा, ज्याला त्याने आगीतून काढलं होतं, त्याला पाहिल्यावर ओठ दाबायचा. एकदा मशीनच्या आवाजात कुणीतरी मागून “लटपट!” म्हणालं, आणि तो चिडला नाही. तो वळला, नुसता हसला. चिडायचं बळ कुठून आणायचं ते त्याला आठवत नव्हतं.

अभिजीतचा फोन एका रविवारी आला, सकाळी. दामिनी समोर तांदूळ निवडत बसली होती. अश्विनला वाटलं, आता शिव्या येतील. त्याने तयारी केली होती, वाट पाहिली होती म्हणा ना.

“अशू,” अभिजीत म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता, आजारातून उठलेल्यासारखा. “ते तू सांगितलं ना. मी रोज त्याचाच विचार करून राहिलो. सरळ सांग. लपवू नको.”

“काय?”

“माझं नाव घेतलं होतं ना तिनं? अभी म्हणाली, का अभिजीत?”

अश्विनने दामिनीकडे पाहिलं. तांदळातला तिचा हात थांबला होता. आता सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

“अभी,” तो म्हणाला.

“पुष्कळदा?”

“पुष्कळदा.”

पलीकडे अभिजीत रडायला लागला. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, आणि रडता रडता त्यातून शब्द यायला लागले. “रागावली तर रागावली गा. तिचा हक्क होता. पण नाव तर घेतलं. मले वाटत होतं की विसरूनच गेली असेल. शेवटी माणूस कोणाले ओळखत नाही म्हणतात. मले तीच भीती होती. तू सांगितलं ते बरं केलं, अशू. फार मोठं काम केलं तू.” त्याने नाक ओढलं. “अजून काय काय म्हणायची? मन घट्ट करून सांग. मी ऐकतो.”

अश्विन फोन कानाला लावून आईच्या खाटेवर बसून राहिला. आई शेवटचे कित्येक महिने या खाटेवर पडून हवेत हात हलवायची, नसलेल्या मागावर धोटा इकडून तिकडे फेकायची. तो तिच्या उशाशी बसायचा, तिचे पाय दाबायचा, तिला कुशीवर वळवायचा, रात्री तिची ओली चादर बदलायचा. ती त्याच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तशी आदराने पाहायची. एकदाच बोलली होती. म्हणाली होती, “ओ भाऊ, तुम्ही कोणाकडचे? घरचे लोक वाट पाहून राहिले असतील, जा आता.”

“हॅलो? अशू? सांग ना.”

“सांगतो,” अश्विन म्हणाला, आणि आईचा आवाज काढून तो भावाला हाक मारायला लागला.